"फक्त सूचना" ग्रुपवर कॉम्प्युटर

— शुक्रवार —

बी ४०२ : सर्वांना नमस्कार. हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे माहीत आहे, पण दुसऱ्या ग्रुपवर टाकलं तर कोणी वाचत नाही म्हणून इथे टाकतोय. मुलगा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, थ्रीडी रेंडरिंगसाठी, म्हणजे इमारतींची खऱ्यासारखी चित्रं काढायला, कॉम्प्युटर पाहिजे आणि म्हणतो तयार घ्यायचा नाही, सुटे पार्ट आणून मीच जोडणार. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही, जेवतानासुद्धा मदरबोर्ड. आई म्हणते तयारच घ्या. मला यातलं शून्य कळतं. कोणीतरी सांगा काय करू, वैतागलोय.

सी १०२ : काका, घरात आई म्हणतात तेच होणार आहे, उगाच चर्चा कशाला 😀

ए १०१ : तयारच घ्यावा. घरी जोडलेल्या मशीनला वॉरंटी कोण देणार?

सी ३०३ : काका प्रत्येक पार्टला कंपनीची वेगळी वॉरंटी असते. सीलबंद प्रोसेसरला साधारण ३ वर्षं, चांगल्या एसएसडीला (फाइली साठवतो तो) ५, चांगल्या एसएमपीएसला (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) तर ७ ते १० सुद्धा. तयार मशीनला बऱ्याचदा १ वर्ष असते, वाढवून पाहिजे तर वेगळे पैसे.

ए ५०४ (खजिनदार) : सल्ला कोण देतंय बघा. ३०३ वाले, ऑफिसच्या कॉम्प्युटरचं काय झालं ते ४०२ ना आधी सांगा की.

सी ३०३ : मॅडम तो विषय इथे नको.

ए ५०४ (खजिनदार) : का नको? तुम्हीच जोडून दिला होता ना? ऐन बिलं काढायच्या दिवशी फटकन आवाज आला आणि बंद. ७२ फ्लॅटची बिलं हाताने लिहिली मी. मनगट अजून दुखतंय.

सी ३०३ : एसएमपीएस उडाला. २०१८ मध्येच म्हणालो होतो की तो चांगला घ्या, कमिटीने ठरवलं कॅबिनेटबरोबर फुकट येतो तोच चालेल. मिनिट्समध्ये आहे.

सेक्रेटरी : मिनिट्समध्ये असं काहीही नाही.

सी ३०३ : तुम्ही लिहिलेल्या मिनिट्समध्ये नसेल.

चेअरमन : कृपया विषयाला धरून बोलावे. 🙏

बी १०४ : ४०२ साहेब, मुलाला जोडू द्या. हे काही नवीन खूळ नाही. १९७५ साली अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर किट म्हणून मिळायचा, घरी बसून सोल्डरिंग करायचं. १९७६ चा पहिला ॲपलसुद्धा नुसता बोर्ड होता, कॅबिनेट कीबोर्ड ज्याचं त्याने बघायचं. आम्ही लोकांनी

सी १०२ : काका पन्नास वर्षं पुढे या, मुलाला सोमवारी सबमिशन असेल

बी १०४ : पूर्ण लिहू द्याल का? आता सोल्डरिंगसुद्धा नाही, सगळं खाचेत बसतं. एका बाजूनेच बसतं, चुकीचं बसवायला जोर लावावा लागतो. एवढंच सांगायचं होतं.

ए १०१ : पण वॉरंटी कोण देणार?

ए ३०२ : मी बोलू का, ऑफिसात माझं हेच काम आहे. आमच्याकडे सगळी ब्रँडेड मशीन, एक फोन केला की माणूस येऊन पार्ट बदलून जातो, तिथे जोडाजोडीचा विचारसुद्धा कोणी करणार नाही. पण घरासाठी मी तसंच ब्रँडेड घेतलं आणि फसलो. मोठ्या कंपन्यांच्या काही डब्यात बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, २४ पिनचा नेहमीचा प्लगच नसतो. दोन वर्षांनी मोठं ग्राफिक कार्ड टाकायला गेलो तर एसएमपीएस पुरेना, तो बदलायचा तर बोर्डाला लागेना, बोर्ड बदलायचा तर डब्यात बसेना. शेवटी मशीन भावाला दिलं. तो त्यावर पत्ते खेळतो.

बी ४०२ : म्हणजे तयार घेऊ नको?

ए ३०२ : तसं नाही म्हटलं मी. सगळी तयार मशीन अशी नसतात, काहींमध्ये नेहमीच्याच मापाचे पार्ट असतात. आत काय आहे ते नावानिशी विचारायचं. नुसतं "१६ जीबी रॅम, ६०० वॅट" यावर जायचं नाही.

बी ४०२ : काका मी बोलतोय, बाबांच्या फोनवरून. तेच तर सांगतोय घरी. मी बघितली त्या तयार मशीनमध्ये रॅमची एकच स्टिक आहे, म्हणजे सिंगल चॅनल, दोन स्टिकपेक्षा हळू. एसएमपीएसचं नावच दिलेलं नाही. ग्राफिक कार्ड नुसतं ८ जीबीचं, माझा सीन मोठा झाला की कार्डाच्या मेमरीत मावत नाही आणि रेंडर कोलमडतो. मला त्यात कार्ड मोठं पाहिजे आणि रंगीत लाइट नकोत, ते लाइटचे पैसे कार्डात घालता येतात. तयारमध्ये मला नको ते सगळं आहे.

बी ४०२ : फोन घेतला परत मी. मुलाने लिहिलं होतं. लाइट लागतील की नाही माहीत नाही पण डोकं माझं पेटलंय.

सी २०२ : या गडबडीत विचारतो, पंपासमोर पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

ए ५०४ (खजिनदार) : ऑफिसचा कॉम्प्युटर चालू असता तर गाड्यांची यादी लगेच बघता आली असती.

सी ३०३ : मॅडम 🙏

ए ३०२ : रॅमचं एक लक्षात घ्या. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला लागल्यापासून सुट्या रॅमचे भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. अशा वेळी तयार मशीन कधीकधी सुट्यापेक्षा स्वस्त पडतं, कारण त्यांनी माल आधी उचललेला असतो. २०२१ ला ग्राफिक कार्डांचं असंच झालं होतं, सुटं कार्ड मिळेना म्हणून लोक अख्खं मशीन घ्यायचे. त्यामुळे "जोडलं की स्वस्तच" हे डोक्यातून काढा. दोन्हीची एकाच दिवशी बेरीज करा, विंडोजचं लायसन्स धरून. ते सगळे विसरतात.

सी ३०३ : हे बरोबर आहे. तयार मशीनबरोबर येणारं लायसन्स त्या बोर्डालाच बांधलेलं असतं हेही आहे, नंतर बोर्ड बदलला तर ते गेलं.

ए १०१ : लायसन्स राहू द्या. वॉरंटी कोण देणार?

सी १०२ : ए १०१ काकांच्या मेसेजला तरी वॉरंटी आहे का, एकच मेसेज तिसऱ्यांदा येतोय

ए १०१ : उत्तर मिळालं नाही म्हणून येतोय. आणि वडीलधाऱ्यांशी बोलायची ही पद्धत नव्हे.

सी १०२ : सॉरी काका. गंमत केली.

ए ३०२ : नाही, काकांचा मुद्दा उडवू नका. पार्टला वॉरंटी असते हे खरं, पण मशीन सुरू झालं नाही तर नेमका कुठला पार्ट गेलाय हे कोण शोधणार? रॅम गेली की बोर्ड हे बघायला दुसरी रॅम लागते, एसएमपीएस तपासायला दुसरा एसएमपीएस. घरात कोणाच्या पडलेले असतात? चुकून चांगला पार्ट पाठवला तर कंपनी म्हणते काही दोष नाही, आणि पंधरा दिवस गेले. तयार मशीनमध्ये हे सगळं त्यांचं डोकं. ४०२, तुमच्या मुलाला रात्री दोन वाजता मशीन उघडून बसायला आवडत असेल तर जोडा. आवडत नसेल तर नका जोडू. बाकी सगळं नंतरचं.

बी ४०२ : रात्री दोनला तो जागाच असतो. जुन्या लॅपटॉपवर रेंडर लावतो, पहाटेपर्यंत पंखा विमानासारखा ओरडतो.

बी ४०१ : एक मिनिट. रात्रभर जो घुंऽऽ आवाज येतो तो तुमच्या लॅपटॉपचा?? मी तीन महिने पंपाची तक्रार करतेय!

सेक्रेटरी : आणि मी पंपवाल्याला तीन वेळा बोलावला. व्हिजिट चार्जसकट.

बी ४०२ : काकू माफ करा. कल्पना नव्हती.

बी ४०१ : मग घेऊन टाका हो एकदाचा, तयार घ्या नाहीतर जोडा, पण पंखा शांत बघा. झोप नाही मला.

सी ३०३ : मधला रस्ता पण आहे. पार्ट मुलाने निवडायचे, असेंबल दुकानदाराकडून करून घ्यायचं. तो समोर चालू करून दाखवतो, काही अडलं तर त्याच्याकडे दुसरे पार्ट असतात. फक्त बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर घ्या, नाहीतर एसएमपीएस आणि एसएसडी मध्येच "तसलाच दुसरा" होऊन येतो.

बी ४०२ : हे मला पटतंय.

बी ४०२ : मला नाही पटत. मुलगा.

ए १०१ : दुकानदार वॉरंटी लेखी देतो का?

चेअरमन : पांढरी गाडी कोणाची ते कळलं का?

सी १०२ : साहेब तुमचीच आहे

(हा मेसेज डिलीट केला गेला आहे)

— रविवार, तीन आठवड्यांनी —

बी ४०२ : नमस्कार. शेवटी पार्टच आणले. सकाळी दहापासून बसलाय. दिवे लागतात, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. त्याचा चेहरा बघवत नाहीये. सी ३०३ आहेत का घरी?

ए १०१ : म्हणूनच विचारत होतो.

सी ३०३ : आहे. मॉनिटरची केबल कुठे लावलीय, ग्राफिक कार्डाला की वर बोर्डाला?

बी ४०२ : कार्डाला म्हणतो. मुलगा बोलतोय, दादा मी ते तीनदा बघितलं, २४ पिन, प्रोसेसरची ८ पिन, सगळं बसलंय, रॅम दोन आणि चार नंबरच्या खाचेत आहे.

सी ३०३ : शाबास. रॅम डीडीआर५ आहे ना? किती वेळ थांबलास?

बी ४०२ : एक मिनिट थांबतो, मग बंद करून परत चालू करतो. पंधरा वेळा झालं.

सी ३०३ : अरे तिथेच चुकतंय! पहिल्यांदा बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात, तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. काही मिनिटं लागतात. तू दरवेळी मध्येच बंद करतोयस, म्हणजे त्याला पहिल्यापासून सुरुवात. चालू कर आणि हात लावू नकोस. खोलीबाहेर जा.

बी १०४ : आमच्या वेळी

सी १०२ : काका प्लीज, टेन्शनचा टाइम आहे

बी ४०२ : आलं!!!! स्क्रीनवर बायोस आलं!

बी ४०१ : अभिनंदन हो. आणि खरंच आवाज नाही.

सी ३०३ : मस्त. आता बायोसच्या सेटिंगमध्ये रॅमचं एक्स्पो, म्हणजे तिचा पूर्ण स्पीड, चालू कर, नाहीतर ती कमी स्पीडने चालते. आणि टेंपरेचर किती दाखवतंय?

बी ४०२ : ९१. काही करत नाहीये तरी. वाढतंय.

सी ३०३ : प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा कागद काढला होतास ना?

सी १०२ : दोन मिनिटं झाली, उत्तर नाही...

सी १०२ : पाच मिनिटं

बी ४०२ : वडील लिहितोय. कागद निघाला. मुलगा बोलत नाहीये. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट पुसली गेली, दुसरी लागेल म्हणे. कोणाकडे आहे का?

सी ३०३ : माझ्याकडे ट्यूब आहे. येतो वर. त्याला सांगा मी पण माझ्या पहिल्या मशीनला हेच केलं होतं.

ए ५०४ (खजिनदार) : ऑफिसच्या मशीनला पण केलं होतं का?

सी ३०३ : मॅडम ऑफिसचं एकदाच सांगतो. त्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही. नवीन एसएमपीएस टाकला तरी सोसायटीचे हिशोब त्यावर ठेवू नका. नवीन घ्या आणि ब्रँडेड तयारच घ्या, घरी येऊन दुरुस्त करून देणाऱ्या वॉरंटीचा. बिलं आणि पत्रं छापायला तेवढं पुरतं. मी जोडून देणार नाही. आठ वर्षं रविवारी सकाळी तुमचाच फोन येतोय.

ए ५०४ (खजिनदार) : फोन मी कमिटीतर्फे करते, हौस म्हणून नाही.

ए ५०४ (खजिनदार) : ठीक आहे. पुढच्या मीटिंगला विषय घेते. आठ वर्षं बघितलंत त्याबद्दल आभार, ते कोणी लिहीत नाही मिनिट्समध्ये.

सेक्रेटरी : लिहितो यावेळी.

ए १०१ : ऑफिसला ३ वर्षांची घ्या. १ नको.

बी ४०२ : ५४ झालं टेंपरेचर! सर्वांचे मनापासून आभार. पोरगं हसलं एकदाचं.

सेक्रेटरी : महत्त्वाची सूचना. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर जिन्यात कॉम्प्युटरची रिकामी खोकी ठेवलेली आहेत. ती आजच्या आज कचऱ्याच्या गाडीत द्यावीत.

ए १०१ : ४०२, खोकी अजिबात टाकू नका. प्रत्येकावर सिरियल नंबर असतो, वॉरंटीला लागतात. जागा नसेल तर माझ्या पोटमाळ्यावर ठेवा, मी घ्यायला येतोय.