परदेशी विद्यापीठाशी करार झाला खरा, पण त्यात आपला वाटा कोणता?

वर्धेकर :
आपल्या जनसंवाद विभागातील एका प्राध्यापकांनी युरोपातील विद्यापीठाशी झालेल्या सामंजस्य कराराचे छायाचित्र टाकून, ग्रामीण विदर्भातील मोबाईलवापरावरच्या या संयुक्त संशोधनामुळे ‘विभाग जगाच्या नकाशावर आला’, असे लिहिले आहे. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. यात संयुक्त ते काय? प्रश्नावली तिकडे तयार होते, गावोगाव हिंडून ती भरून आणणारे एम.ए.चे विद्यार्थी इकडचे असतात, विश्लेषण पुन्हा तिकडे होते, आणि शोधनिबंधावर आपल्यापैकी कोणाचे नाव आलेच तर शेवटून दुसरे. कापूस इथून न्यायचा आणि कापड आपल्यालाच विकायचे, ही रीत विदर्भाला नवी नाही.

अशाच एका प्रकल्पासाठी मी केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, गेलो होतो. ‘स्वतःचा मोबाईल रोज किती वेळ वापरता?’ या प्रश्नावर एक बाई म्हणाली, ‘मोबाईल पोराजवळ रायते. भाव मात्र सकाळीच आयकला, शेजारच्याच्या मोबाईलवर.’ कापसाच्या भावाचा व्हॉट्सअॅपवर आलेला आवाजी निरोप चार घरांनी अंगणात मिळून ऐकला होता. अर्जावर त्याला रकानाच नव्हता, म्हणून तिची नोंद ‘वापर नाही’ अशी झाली.

अमरावतीची अभ्यासक :
रकाना नाही हे दिसल्यावर आपण ते कळवले की नाही, एवढे मात्र लिहायचे राहिले आहे. परदेशी म्हटले की शोषण, हे समीकरण फार सोयीचे असते. १९५६ साली पुणे आकाशवाणीवरून युनेस्कोच्या साह्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. सुमारे १५० गावांतल्या त्या प्रयोगाचे मूल्यमापन पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतून केले आणि गावकरी नुसते ऐकत नाहीत, ऐकलेल्यावर आपसांत चर्चा करून काही ठरवतातही, हे त्यातून पुढे आले. बाहेरच्या माणसाने दाखवले म्हणून ते खोटे ठरते काय? माझ्यापुरते सांगायचे तर माझ्या प्रबंधाचे पद्धतीविषयीचे प्रकरण एका परदेशी सहसंशोधक बाईंनी ओळन् ओळ वाचून परत पाठवले होते. इथल्या मार्गदर्शकांनी शेवटच्या पानावर सही केली आणि सत्काराला शाल कोणाच्या हस्ते द्यायची, ते विचारले.

वर्धेकर :
मॅडम, कळवले होते. उत्तर असे आले की, प्रकल्पातल्या तिन्ही देशांत प्रश्न एकच हवा, एरवी तुलना करता येणार नाही. तुलना जुळली, पोडावरची बाई गळाली. राहिला १९५६ चा प्रयोग. तो झाला तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तिथेही आमचा नंबर लागला नाही. सहकार्याचा दाखलाच द्यायचा तर १९७५-७६ च्या साइट, म्हणजे उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी दाखवण्याच्या, प्रयोगाचा द्या. उपग्रह नासाचा होता, पण सहा राज्यांतील २४०० गावांत दूरचित्रवाणीने काय घडवले, याचा अभ्यास इस्रोच्या समाजशास्त्रज्ञांनी केला आणि त्यासाठी काही अभ्यासक गावातच मुक्कामाला राहिले. (त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे ओघाने आलेच.)

तासिकावाले :
आपण दोघेही कायम नोकरीतले दिसता. विभागात प्रत्यक्ष शिकवणारे आम्ही तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासांच्या हिशेबाने मानधन घेणारे. उन्हाळ्यात मानधन थांबते आणि नेमकी तेव्हाच या प्रकल्पांची क्षेत्रभेट ठरते. प्रकल्पाचा अर्ज आमच्या नावाने जात नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चे मार्गदर्शकही कायम अध्यापकच होऊ शकतात. मग परदेशी पाहुण्यांना पोडावर नेणारा, बोली समजावून देणारा, मुलाखती रात्री बसून उतरवून काढणारा माणूस कोण? निबंधाच्या तळटीपेत त्याचे आभारही नसतात.

अमरावतीची अभ्यासक :
आपली व्यथा खरी असली तरी हा धागा भरतीचा नाही. प्रत्येक चर्चेत तासिका तत्त्व आणलेच पाहिजे, असा काही शासन निर्णय निघाला आहे काय?

तासिकावाले :
शासन निर्णय निघाले असते तर इथे लिहीत बसलो नसतो. संशोधनातला वाटा कोणाचा, हाच धाग्याचा प्रश्न आहे, आणि ज्याचे हजेरीपटावर नाव नाही त्याला वाटा कोण देणार? आपल्या शालीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडला, तेही एकदा सांगा.

नॅकग्रस्त :
करार संशोधनासाठी होतात, हा समज आधी सोडा. ते नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात दाखवायला होतात. आमच्या महाविद्यालयात एका कराराची मुदत संपल्याचे नव्या कराराच्या स्वाक्षरीच्या दिवशी लक्षात आले.

अमरावतीची अभ्यासक :
शालीवर घसरण्याची गरज नव्हती. तरीही एक गोष्ट मान्य करते, तीही नाइलाजाने : प्रश्नावली अंतिम होण्याआधी ती इथल्या गावांत तपासून पाहण्याची अट करारात नसेल, तर तो करार एकतर्फी आहे. चार सामायिक प्रश्नांच्या जोडीला स्थानिक प्रश्नांचा वेगळा भाग ठेवला, तर तुलनाही होते आणि अंगणात ऐकणारी बाईही नोंदली जाते. मात्र शोधनिबंध आपल्याला वाचायलाच मिळत नाहीत, ही ओरड आता पुरे. २०२४ साली केंद्राने तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची, संशोधन-नियतकालिके वाचायला देणारी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली आहे.

तासिकावाले :
ती सरकारी संस्थांसाठी आहे, मॅडम. मी सकाळी विद्यापीठात आणि दुपारी विनाअनुदानित महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा निबंध सकाळीच वाचून घ्यावा, असे आपले म्हणणे असेल तर आभारी आहे.

वर्धेकर :
स्थानिक भागाची सूचना चांगली आहे. करार होण्यापूर्वी आली असती तर अधिक चांगली वाटली असती. आता तीन गोष्टी कराराच्या मजकुरातच पाहाव्या लागतील : मुलाखतींच्या मूळ ध्वनिफिती कोणाकडे राहणार, त्या उतरवून काढणाऱ्यांना मोबदला आणि श्रेय मिळणार की नाही, आणि निष्कर्ष त्या गावांत परत जाऊन मराठीत सांगितले जाणार की नाही. प्राध्यापक महोदयांना प्रत मागितली, तर त्यांनी छायाचित्रच पुन्हा पाठवले. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून ठेवला आहे, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीटही लावले आहे. सोमवारी देतो.