गाडी तापल्याचे किस्से येऊ द्या

कैरीची_फोड:
काल खंबाटकी चढताना एक कुटुंब कडेला उभं दिसलं. बॉनेट उघडं, वाफेचा लोट, आणि काका हातात पाण्याची बाटली घेऊन नुसते बघत होते. मला एकदम २००६ चा कसारा घाट आठवला. काटा लाल पट्टीला टेकलेला, बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि रुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाले. मागच्या ट्रकवाल्या काकांनी धावत येऊन अक्षरशः हात धरला, म्हणाले भाऊ तोंड भाजून घ्यायचंय का, अर्धा तास हात लावू नका. मग त्यांनीच थोड्या वेळाने दोन्ही पाईप चाचपले. वरचा चटका देत होता, खालचा गारढोण. "पाणी फिरतच नाहीये, व्हॉल चिकटलाय." इगतपुरीच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (तोच व्हॉल, इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा) काढून हातात दिला आणि म्हणाला तसंच जा घरी.

पण बाबा ते बाबा. नवा आणला तो थेट बसवला नाही, जुना आणि नवा दोन्ही आईच्या चहाच्या पातेल्यात उकळत ठेवले. नव्यावर ८२ आकडा होता, म्हणजे ८२ अंशाला उघडणारा. पाण्याला उकळीही नव्हती आली तर तो शिंपल्यासारखा हळूच उघडायला लागला. जुना खळखळ उकळत्या पाण्यातही ढिम्म. आईने त्या पातेल्यात परत चहा केला नाही ते नाहीच.

हिरवी_मिरची:
पातेलं 😂😂 आमच्याकडे हे स्पार्क प्लग तव्यावर भाजतात, बोलायची सोय नाही

पाना_दहाबारा:
आई बरोबर होत्या, त्या व्हॉलला लागलेलं कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते) विषारी असतं. गोडसर लागतं म्हणून कुत्री मांजरं चाटतात, सांडलं तर लगेच धुवा.
गॅरेजवाला म्हणून एक सांगतो, व्हॉल काढून गाडी पळवणं म्हणजे घरी पोचण्यापुरतं. त्यात मेण असतं, तापलं की फुगतं आणि झडप ढकलतं, एवढंच यंत्र. तो नसला की इंजिन लवकर गरमच होत नाही, अॅव्हरेज पडतं, मग तेच गिऱ्हाईक येऊन म्हणतं पेट्रोल जास्त पितेय. आणि नवा बसवताना छोटी पिन असेल तर वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते. जुनं पॅकिंग नीट खरवडा. मग गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून चालू करा, हीटर फुल, बुडबुडे थांबेपर्यंत कुलंट टाकत रहा. निम्मे लोक हवा काढत नाहीत आणि पार्ट डुप्लिकेट म्हणून माझ्याशी भांडायला येतात.

मधला_सीट:
हीटरवरून आठवलं, आंबा घाट, मे महिना, काटा वर जायला लागला तर नवऱ्याने एसी बंद करून हीटर फुल सोडला!! कुठेतरी ऐकलं होतं म्हणे की इंजिनची उष्णता आत खेचली जाते. काटा खरंच उतरला हो, पण मागे सासूबाई पदराने वारा घेत "अरे मला इथेच उतरव" 🤣 अजून प्रत्येक लग्नात सांगतात

डोंबिवली_फास्ट_नाही:
माझं उलट झालं, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, तरी तापायचीच. पण हायवेला काही नाही, फक्त शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. शेवटी एका पोऱ्याने उभ्या गाडीत पाच मिनिटं कान देऊन ऐकलं, म्हणाला साहेब फॅनच लागत नाहीये. रिले, म्हणजे फॅन चालू करणारा स्विच, गेलेला. आधीचे हजारो रुपये पाण्यात, सॉरी कुलंटात.

पाना_दहाबारा:
@डोंबिवली चालताना ठीक आणि उभी राहिली की तापते, तर पहिला संशय फॅनवर घ्यायचा. तुमचा मेकॅनिक कोण ते विचारत नाही.

बर्फातला_बटाटा:
इकडे कॅनडात आमचा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. तापायचं सोडा, बाहेर उणे २२ आणि हीटरमधून गार वारा, ऑफिसला पोचेपर्यंत काटा निम्म्यावरही नाही. आठवडाभर मोज्यांवर मोजे.

एसटीचा_नातू:
आजोबा एसटीत ड्रायव्हर होते. बोरघाटात शिंगरोबाला नाणं टाकल्याशिवाय गाडी पुढे न्यायचे नाहीत, आणि सीटमागे पाण्याचा डबा कायम. देव आणि डबा दोन्ही लागतात म्हणायचे.

हिरवी_मिरची:
शिंगरोबा!! आम्ही पण टाकायचो. त्या बाजूला वडा कुठे चांगला मिळतो आता?

ताकपिठं:
माझ्या भावाने लाल काट्यावर तशीच दहा किमी रेटली. नंतर ऑइलची कांडी काढली तर ऑइल ताकासारखं पांढुरकं. हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग) गेलेलं, कुलंट ऑइलमध्ये. पुढचं विचारू नका, अजून हप्ते चालू आहेत

मधला_सीट:
@ताकपिठं अरे देवा. नाव पण ताकपिठंच 🙈

कैरीची_फोड:
😄 आत्ताच आईला फोन केला, ते पातेलं अजून आहे म्हणे, गॅलरीत गवती चहाच्या कुंडीखाली

हिरवी_मिरची:
फोटो हवाच