प्रतिसाद : वणाची लांबी की दुखणं?

दादा, मेहुण्याच्या दंडावरचे तीन वण अमेरिकेचं माजी सैनिक खातं अपंगत्वाचे टक्के ठरवताना लांबी बघून मोजतं का, असं विचारलंत. दंडावर साध्या, सपाट वणाची लांबी फारशी कामाची नाही. वण दुखतो का, किंवा त्यावरची कातडी पुन्हा पुन्हा सुटते का, ते बघतात. असे एक-दोन असले तर 10 टक्के, तीन-चार 20, पाच किंवा जास्त 30. एखादा दुखतोही आणि सुटतोही, तर वर आणखी 10. चेहरा, डोकं, मान यांचे नियम वेगळे. तिथे मात्र 13 सेंटीमीटर लांबी, 0.6 सेंटीमीटर रुंदी, उंचवटा-खळगा अशी आठ लक्षणं पाहतात.

माझा भाचा गणपतीत ऐरोलीला आमच्याकडे होता. कोपराजवळच्या वणाला टॉवेल घासला तरी हात झटकन मागे घ्यायचा. तपासणीत मात्र फौजी सवयीने "काही नाही, ठीक आहे" म्हणाला, आणि कागदावर तेच चढलं! जीव तुटला माझा. मेहुण्यांना आधीच बजावा: शर्टाची बाही लागून कळ येते तर तेच सांगायचं, तिन्ही वणांचं वेगवेगळं. हात पूर्ण वर जात नसेल तर तेही बोलायचं, त्याचे टक्के वेगळे धरतात.