मदत हवी आहे: इन्व्हर्टरवर पंखा घुमतो. दुरुस्ती नको, कारण हवंय

नमस्कार मंडळी,

लाइट गेली की हॉलमधला पंखा घुमायला लागतो, लाइट आली की गप्प. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला (लाइटसारखी गोलसर साइन वेव्ह न देता चौकोनी लहर देणारा). 'साइन वेव्हचा घ्या' असं इलेक्ट्रिशियनने सांगितलंच आहे, पण सध्या खर्च करायचा नाहीये, नुसतं कुतूहल आहे. तेव्हा बेअरिंगला तेल घाला, कंडेन्सर बदला वगैरे कृपया नको. बेअरिंग गेलं असतं तर लाइटवरही आवाज आला असता.

तपासलं ते असं. पंखा साधा इंडक्शन मोटरचा, कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरडचा. रेग्युलेटर खटक्यांचा, पाचवर ठेवला तरी आवाज आहेच, म्हणजे त्याचा दोष नाही. त्याच इन्व्हर्टरवर बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरचा) पंखा शांत चालतो (तो आधी डीसी करून घेतो, म्हणून असावं). फोनवर आवाजाचा आलेख काढणारं ॲप लावलं. लाइटवर १०० हर्ट्झपाशी एक बारीक उंचवटा. इन्व्हर्टरवर १००, २००, ३००, ४०० अशी रांगच!

आता माझी गाडी अडते ती इथे. स्क्वेअर वेव्हमध्ये ५० हर्ट्झ, त्याच्या एक तृतीयांश उंचीची १५०, एक पंचमांश उंचीची २५०, अशा फक्त विषम पटी असतात. मग आवाजात २०० आणि ४०० आले कुठून? आणि १५०, २५० गेले कुठे?

जोडप्रश्न: १५० हर्ट्झला कंडेन्सरचा अवरोध एक तृतीयांश होतो. म्हणजे कंडेन्सरला जोडलेल्या वाइंडिंगमधून (मोटरच्या तारेच्या गुंडाळीतून) १५०चा करंट ५०च्या बरोबरीने वाहतो का?

प्रतिसाद

प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर सोपं झालं. आवाज व्होल्टेजचा नाही, ओढीचा. चुंबक उत्तर असो की दक्षिण, लोखंडाला ओढतोच, म्हणून ओढ फील्डच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५०चे १०० होतात ते त्यामुळेच. वर्ग केला की वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्या निघतात: १५०+५०=२००, २५०+५०=३००, २५०+१५०=४००. विषम अधिक-उणे विषम म्हणजे कायम सम. १५० दिसणारच नाही. शिवाय आपला कान १००ला जरा बहिराच, ३००-४०० चटकन पकडतो.

जोडप्रश्नाचं म्हणाल तर नुसता कंडेन्सर असता तर हो. पण वाइंडिंग सिरीजमध्ये आहे आणि तिचा अवरोध उलट तिप्पट होतो. तिचं इंडक्टन्स मोजल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे हवेत गोळीबार.

पडताळायचं असेल तर जुना गोल फिरवायचा ट्रायॅकवाला रेग्युलेटर मिळवा. लाइटवरच पंखा मध्यम वेगाला ठेवा. तो वेव्ह कापतो, त्यातूनही विषम पटी निघतात, तेव्हा तीच रांग दिसायला हवी.

धागाकर्ता

वर्गाचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! शेजारच्या काकांकडे तसला रेग्युलेटर होता, लावून पाहिला. रांग आली, अगदी तीच. फक्त २००चा उंचवटा १००पेक्षा मोठा दिसतोय. हा फोनच्या माइकचा खालच्या आवाजातला कमकुवतपणा, की पंख्याचं झाकणच २००ला थरथरतंय? फोन न बदलता हे कसं ओळखायचं?