सीमाभागातली कविता आणि राजकारण : तुमच्या आठवणी लिहा

माळा आवरताना आज्जोबांची वही सापडली. पुढं हिशेब, ‘बटाट्याचं बेणं ४ मण’, आणि पान उलटलं की अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ उतरवलेली. त्यातल्या बेळगावच्या नावाखाली दोनदा रेघ. आज्जोबा सांगायचे, १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, माडखोलकर अध्यक्ष होते. आपल्याकडं कविता नि राजकारण एकाच मांडवात जन्मलंय. तुमच्याकडं काय आठवतंय?

वडगावकर
१ नोव्हेंबर. पप्पांच्या सायकलच्या दांडीवर बसून काळ्या दिनाची, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची फेरी. घोषणा कळायच्या नाहीत, शाहिराच्या डफावर मात्र अंगावर काटा यायचा. अजून येतो.

मास्तरीण
आमच्या गावच्या संमेलनाला येणारे कवी नाक्यावरूनच परत पाठवले. तिघांनी गाडीत बसून फोनवर कविता वाचल्या, आम्ही फोन माईकला लावून धरला. एक तर नुसती आईवरची होती. खरं त्या दिवशी तीही मोर्च्यासारखी ऐकली लोकांनी.

निपाणीची लेक
इंदिरा संत बेळगावातच राहिल्या की. त्यांच्या कवितेत घोषणा नाही, घर आहे, पाऊस आहे. १९८४ ला ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी मिळाली. मराठी टिकवायला तेही लागतंय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

खानापूरवाला
बेणं कुठलं हो? आमच्याकडं हासनचं यायचं.

धारवाडात नोकरीला
धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे, त्यांची घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३ चं ज्ञानपीठ. शेजारचे अज्जा मला त्यांच्या ओळी म्हणून दाखवतात, मी त्यांना तुकोबा ऐकवतो. भांडण सरकारांशी आहे, अज्जांशी कशाला असेल?

वडगावकर
@धारवाडात, पटलं. खरं फलक नि सातबारा मराठीत मागितला की तेच सरकार कसं वागतं, तेही लिवा.

मास्तरीण
वहीचा फोटो टाका की. सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला पोरांकडून म्हणून घेते.

वही सापडलेला
@खानापूरवाला, बेण्याचं गाव लिहिलेलं नाही.
@मास्तरीण, टाकतो. शेवटचं पान वाळवीनं खाल्लंय, खरं आईला पाठ आहे. आत्ता भाकऱ्या थापत म्हणून दाखवली तिनं. रेघ मारलेल्या ओळीशी आली नि हात थांबला, तव्यावरची करपली.