शाळेतलं इंग्रजी: तुमच्याही आठवणी सांगा

गंगावेसकर:
काल माळा आवरताना दहावीचं इंग्रजीचं पुस्तक हाती लागलं. 2019 च्या पुरात खालचं कपाट सगळं गेलं, हे वर होतं म्हणून राहिलं. उघडलं तर ओळी-ओळीवर पेन्सिलीनं मराठीत उच्चार लिहिलेले. थ्रू, थरो, थॉट. 'नाइफ'मधल्या केवर काट मारून ती दोनदा गिरवलेली. पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलेली पोरं आम्ही, अर्थाच्या आधी शब्द तोंडात बसवायलाच सगळी ताकद जायची. अर्धा तास शिडीवरच बसलो होतो. तुमचंही लिहा.

पेठेतली:
आधी शिडीवरनं खाली उतर बाबा. रात्री लिहिते, कुकर लावलाय.

बांधावरचा:
गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन. शेतीची लाईट रात्रीची, उसाला पाणी पाजता पाजता म्हणायचो. वडील चौथी शिकलेले. मी आठवीत असताना औषधाची बाटली पुढं केली, "वाच रं, पंपाला किती घालायचं?" 'डायल्यूट'ला अडलो. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, त्यांनी फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाला शिकवला. घरी आलो तर वडिलांनी तोवर फवारणी थांबवून धरलेली.

झेंडू:
थांबवून धरलेली! लई भारी वाटलं वाचून.
आम्हाला वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता होती. एका नजरेत दहा हजार फुलं, तळ्याकाठी. पिवळी फुलं म्हटलं की आम्हाला दसऱ्याच्या बाजारातला झेंडू, आणि तळं म्हणजे रंकाळा. 1807 साली छापलेली कविता, पण माझ्या डोळ्यापुढं अजून रंकाळ्याच्या कठड्यापलीकडं झेंडूच डोलतो. पुढं बी.ए.ला इंग्रजी घेतलं ते त्या तासामुळं.

गंगावेसकर:
रंकाळ्यावर सकाळी फिरायला कोण कोण असतं? भेटूया की.

नावात काय:
मी 'इस्कूल' म्हटलं, सर हसले, मग वर्ग हसला. पुढं दोन वर्षं हात वर केला नाही. आता पोरगी वाचायला बसली की मधी बोलत नाही, चुकू देते.

खडूवाली:
ताई, वाईट वाटलं. तो 'इ' जिभेच्या सवयीचा. इस्टूल, इस्टेशन, इस्टो, सगळीकडं येतो. स्पॅनिश बोलणाऱ्यांचंही इंग्रजी बोलताना तसंच होतं. मी वर्गात पहिल्याच आठवड्यात हे सांगते. 2000 पासून पहिलीपासनं इंग्रजी आहे, तरी 'इ' येतोच. येऊ दे, पोरं बोलली पाहिजेत.

नावात काय:
हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! आज पोरीला सांगते.

पेठेतली:
आले. सगळं वाचलं, आता माझं उद्याच. बांधावरचे दादा, मग पंपाला किती घातलं?

बांधावरचा:
पंधरा लिटरच्या पंपाला वीस मिली. वडिलांनी बाटलीच्या टोपणानं मोजलं, मी पानावर बोट ठेवून उभा.