गोचिडातले सगळेच जिवाणू रोगकारक नसतात

गोचिडात सापडणारा प्रत्येक जिवाणू जनावराला आजारी पाडतो, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गोचिडातून पसरणारा ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल हा जिवाणू खरोखरच घातक आहे. तांबड्या पेशींत शिरून तो गुरांना रक्तक्षय आणि कावीळ करतो. पण गोचिडाच्या शरीरात संख्येनं बऱ्याचदा वेगळेच जिवाणू वरचढ असतात.

ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गुरांवरच्या गोचिडात कॉक्सिएला या जिवाणूसारखा एक सहजीवी, म्हणजे गोचिडासोबत राहून त्याला उपयोगी पडणारा जिवाणू, असतो. गोचिडाचा जन्मभराचा आहार म्हणजे रक्त, आणि रक्तात ब गटातली जीवनसत्त्वं फार कमी. ती उणीव हा सहजीवी भरून काढतो, असं त्याच्या जनुकांवरून दिसतं. तो अंडाशयात राहतो आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. प्रयोगात टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकानं त्याची संख्या घटवली, तेव्हा गोचिडांची वाढ प्रौढ होण्याआधीच खुंटली. गोचीडनाशकांना दाद न देणारे गोचीड वाढत असताना सहजीवीवर घाव घालून गोचीड रोखण्याची ही वाट मला फार आशेची वाटते. (गुरांना सरसकट प्रतिजैविकं टोचावीत, असं मुळीच म्हणत नाही.)

१६एस या जनुकावरून (त्यावरून नमुन्यातले जिवाणू ओळखतात) केलेल्या गोचिडातल्या जिवाणूंच्या याद्या मात्र जपून वाचा. गोचिडाच्या अंगाला गुरांच्या कातडीवरचे, शेणामातीतले जिवाणू चिकटलेले असतात. बाहेरून नीट निर्जंतुक न करता अख्खा गोचीड वाटून तपासला, तर स्टॅफिलोकॉकससारखा कातडीवरचा जिवाणू यादीत येणारच. शिवाय डीएनए सापडला म्हणजे जिवाणू जिवंत होता असं नव्हे. आतडं, लाळग्रंथी, अंडाशय वेगवेगळे काढून केलेली तपासणी जास्त भरवशाची. आणि गोचिडातूनच पसरणारा बबेसिया हा रोगजंतू त्या यादीत शोधू नका. तो जिवाणू नाही, आदिजीव (प्रोटोझोआ) आहे.